नेपाळच्या वाटेवरचे राखीव दिवस

नेपाळ हा परमुलूख आहे, ही गोष्ट मराठी यात्रेकरूच्या मनावर फारशी ठसलेली नसते. पशुपतिनाथाचे नाव त्याने लहानपणापासून वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असते. देवघरातला शाळिग्राम गंडकीच्या पात्रातून आला हे त्याला ठाऊक असते. काठमांडूच्या दुकानांवरील पाट्या देवनागरीत असल्यामुळे न शिकलेली भाषाही त्याला अर्धीमुर्धी उमगते. आणि उभय देशांमध्ये १९५० साली झालेल्या मैत्रीच्या तहापासून परस्परांच्या नागरिकांना येण्याजाण्याची जी मोकळीक आहे, तिच्यामुळे व्हिसासाठी कोणत्याही कचेरीत अर्ज गुदरावा लागत नाही. या सगळ्या आपलेपणाचा परिणाम असा होतो, की युरोपच्या सफरीसाठी सहा महिने आधीपासून कागदपत्रे जुळविणारा, हवामानाची चौकशी करणारा गृहस्थ नेपाळचा बेत मात्र दोन संध्याकाळींत उरकतो, आणि आठ रात्रींच्या कार्यक्रमात काठमांडू, चितवन, पोखरा, मुक्तिनाथ आणि जमल्यास जनकपूरही बसवून मोकळा होतो.

नकाशा पाहिला तर हा बेत वावगा दिसत नाही, कारण नेपाळची दक्षिणोत्तर रुंदी सरासरीने दोनशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे मुंबईपासून नाशिकच्या थोडे पलीकडे जावे एवढीच आहे. परंतु तेवढ्या पट्ट्यात जमीन तराईच्या सखल भातखाचरांपासून, जी समुद्रसपाटीपासून शंभर-दोनशे मीटरच उंच आहेत, थेट सगरमाथ्याच्या, म्हणजे एव्हरेस्टच्या, ८,८४८.८६ मीटरांपर्यंत चढत गेली आहे, आणि अशा देशात किती किलोमीटर जावयाचे यापेक्षा किती चढावयाचे आणि त्या चढणीला किती वेळ द्यावयाचा, हाच हिशेब खरा ठरतो. म्हणून या प्रवासाच्या सिद्धतेत मी कपड्यांच्या, औषधांच्या आणि पैशांच्याही आधी एका गोष्टीची तजवीज सांगेन : कार्यक्रमपत्रिकेत कोणत्याही स्थळाच्या नावे न लिहिलेले दोन किंवा तीन दिवस. हे दिवस कशासाठी लागतात, हे समजले की बाकीची तयारी आपोआप सुचत जाते.

त्यांचे पहिले कारण हवेत आहे. उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटते, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती अक्षरशः खरी नव्हे. प्रमाण सर्वत्र शेकडा २१ इतकेच राहते, पण हवेचा दाब उतरत जातो, आणि ५,५०० मीटरांच्या सुमारास तो समुद्रकाठच्या दाबाच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. मुक्तिनाथाचे मंदिर सुमारे ३,७०० मीटरांवर आहे. तेथे घेतलेल्या एका श्वासात मुंबईच्या मानाने दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमीच प्राणवायू मिळतो. शरीर या टंचाईशी जुळवून घेते, आणि ते ज्या रीतीने घेते ती पाहिली म्हणजे निसर्गाच्या बंदोबस्ताचे कौतुक वाटते : काही तासांत श्वासोच्छ्वास खोल व जलद होतो, दोन-चार दिवसांत मूत्रपिंडे रक्तातील क्षार बाहेर टाकून त्या जलद श्वासाला वाट करून देतात, आणि पुढे काही आठवड्यांनी तांबड्या पेशींची संख्या वाढते. यातल्या कोणत्याही पायरीला घाई करता येत नाही. पर्वतीय वैद्यकाने यावरून जो शिरस्ता घालून दिला आहे तो साधा आहे : ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे त्याच उंचीवर काढावा. दिवसा अधिक वर जाऊन यावयास हरकत नाही; निजावयाचे मात्र खाली. सगरमाथ्याच्या पायथ्याच्या तळावर, ५,३६४ मीटरांपर्यंत, जाणारे लोक ३,४४० मीटरांवरील नामचे बाजारात दोन रात्री काढतात त्या याच कारणासाठी, आणि तो वाया गेलेला दिवस समजून वगळणारे प्रवासी पुढे दिंगबोचे किंवा लोबुचेच्या आसपास आजारी पडतात.

हा आजार २,५०० मीटरांपासून पुढे कोणालाही होऊ शकतो. डोके दुखणे, अन्नावरची वासना जाणे, मळमळ, विलक्षण थकवा आणि झोप न लागणे, ही त्याची प्रारंभीची लक्षणे होत. तरुणांना तो होत नाही, किंवा ज्यांना चालण्याचा सराव आहे त्यांना होत नाही, हे खरे नाही. उलट दणकट पायांचा तरुण इतरांपेक्षा भराभर वर चढतो आणि त्यामुळेच अधिक सापडतो. लक्षणे दिसल्यावर आहे तेथेच थांबावे, आणि ती वाढू लागली तर रात्र आहे, खोलीचे पैसे भरले आहेत, बरोबरचे पुढे गेले आहेत, असल्या कोणत्याही सबबीवर वेळ न दवडता खाली उतरावे. चालताना तोल जाऊ लागला, टाचेला अंगठा लावीत सरळ रेषेत चालता येईना, बोलण्यात असंबद्धता आली, तर मेंदूला सूज येत आहे असे समजावे. स्वस्थ बसले असतानाही धाप लागली, खोकल्याबरोबर फेस येऊ लागला, तर फुप्फुसांत पाणी भरत आहे असे समजावे. या दोन्ही अवस्थांत काही तासांचा उशीरही जीवघेणा ठरतो. ‘हिमालयन रेस्क्यू असोसिएशन’ ही १९७३ साली स्थापन झालेली संस्था फेरिचे आणि मनांग येथे यात्रेच्या हंगामात दवाखाने चालविते, आणि तेथे दुपारी या आजाराची माहिती देणारी व्याख्याने होतात. त्या वाटेने जाणाऱ्याने ती अवश्य ऐकावीत.

आपल्याकडील प्रवाशांच्या खिशात या आजारावरचा उपाय म्हणून कापराची पुरचुंडी हमखास असते, आणि वाटेत दर वळणावर ती हुंगली जाते. कापराच्या उग्र वासाने क्षणभर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण रक्तातला प्राणवायू त्याने तसूभरही वाढत नाही. आणि हुंगल्याने बरे वाटते म्हणून मनुष्य वर जात राहिला, तर त्या निरुपद्रवी वस्तूने अपायच केला असे म्हणावे लागेल. प्राणवायूच्या ज्या लहान नळकांड्या बाजारात मिळतात, त्यांचा उपयोगही काही मिनिटांपुरताच असतो. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स या नावाने ओळखले जाणारे औषध, मूत्रपिंडांच्या वर सांगितलेल्या कामास गती देते आणि त्याचा गुण शास्त्राने मान्य केलेला आहे. तथापि ज्यांना सल्फा औषधे सोसत नाहीत, किंवा ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत, त्यांनी ते आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये. झोपेच्या गोळ्या आणि मद्य श्वास मंद करतात, म्हणून उंचावरच्या पहिल्या काही रात्री दोन्ही वर्ज्य करावीत.

मराठी माणसाच्या संदर्भात हे सगळे सर्वांत अधिक लागू पडते ते मुक्तिनाथाच्या यात्रेला, आणि म्हणून त्या वाटेविषयी थोडे विस्ताराने लिहितो. गिर्यारोहणाला जाणारे तरुण निदान चौकशी तरी करतात. मुक्तिनाथाला जाणारे बहुसंख्य लोक साठीच्या पुढचे, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारे असतात, आणि आपण उच्च पर्वतावर चाललो आहोत याची कल्पना त्यांना कोणी दिलेली नसते. पोखरा सुमारे ८२० मीटरांवर आहे. तेथून सकाळच्या विमानात बसलेला मनुष्य वीस-पंचवीस मिनिटांत २,७०० मीटरांवरील जोमसोमला उतरतो, लगेच जीपमध्ये बसून दोन तासांच्या आत ३,७०० मीटरांवरील राणीपौवाला पोहोचतो, तेथून पायऱ्यांची चढण चढतो, आणि मंदिरामागच्या अर्धवर्तुळाकार भिंतीत बसविलेल्या १०८ गोमुखांतून पडणाऱ्या हिमशीतल धारांखालून ओलेत्याने धावत जाऊन समोरच्या दोन कुंडांत बुडी मारतो. सपाटीवरच्या हृदयाला एका सकाळीत एवढे सारे सोसावयास लावणे, ही श्रद्धेची कसोटी मानण्याचे कारण नाही. थंड पाण्याच्या आकस्मिक स्पर्शाने रक्तवाहिन्या आकुंचित पावतात, रक्तदाब एकदम चढतो, आणि विरळ हवेने आधीच श्रमलेल्या हृदयावर त्याचा ताण पडतो. आपल्या धर्मशास्त्राने अशक्तांसाठी मार्जनाची, म्हणजे अंगावर जलबिंदू शिंपडून घेण्याची, सोय पूर्वीपासून करून ठेवली आहे. वृद्धांनी निःशंकपणे तिचा आश्रय घ्यावा, आणि बरोबरच्या तरुणांनी त्यांना स्नानाचा आग्रह करू नये.

याहून चांगला मार्ग म्हणजे ही चढण दोन-तीन दिवसांवर वाटून देणे. पोखऱ्याहून जीपने निघून पहिला मुक्काम लेते-कालोपानीच्या परिसरात, सुमारे २,५०० मीटरांवर, करावा. दुसरा मार्फा किंवा जोमसोम येथे. तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्तिनाथाचे दर्शन घेऊन रात्रीपूर्वी पुन्हा जोमसोमला उतरावे. यात्रेकरूला यात गमवावे लागते ते काहीच नाही. काली गंडकीची ही दरी एका बाजूस ८,१६७ मीटरांचा धवलगिरी आणि दुसऱ्या बाजूस ८,०९१ मीटरांची अन्नपूर्णा यांच्या मधून गेली आहे, आणि जगातील अत्यंत खोल दऱ्यांत तिची गणना होते. मार्फाच्या पांढऱ्या चुन्याच्या भिंती आणि सफरचंदांच्या बागा, या दरीतल्या ठक खोला भागातील थकाली लोकांची नीटनेटकी स्वयंपाकघरे, कागबेनी येथे नदीकाठी पितरांना पिंड देणारे यात्रेकरू, हे सगळे विमानातून जाणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. त्या पात्रात सापडणारा शाळिग्राम हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील शंखवर्गीय प्राण्याचा जीवाश्म होय. जेथे आज हिमशिखरे उभी आहेत तेथे त्या काळी टेथिस नावाचा सागर होता. तुळशीच्या लग्नात ज्याला आपण नवरदेव म्हणून उभा करतो, त्याचे हे कूळ त्याच्या माहेरी जाऊन पाहावयास एक दिवस अधिक द्यावा लागला, तर तो देण्यासारखा आहे.

राखीव दिवसांचे दुसरे कारण वाऱ्यात आणि ढगांत आहे. सूर्य वर आला की दरीच्या उत्तरेकडील मुस्तांगचे उघडे-बोडके पठार तापू लागते, तेथली हवा वर जाते, आणि तिची जागा घेण्यासाठी दक्षिणेकडील हवा काली गंडकीच्या अरुंद घळीतून एवढ्या वेगाने वर लोटते, की दहा-अकरा वाजल्यानंतर जोमसोमच्या धावपट्टीवर विमान उतरविणे धोक्याचे होते. म्हणून तेथली सर्व उड्डाणे सकाळीच आटोपतात, आणि सकाळी धुके असले तर त्या दिवशी विमान नाही, हे गृहीत धरावे लागते. सगरमाथ्याच्या वाटेवरील लुकलाचीही हीच स्थिती आहे. शिवाय गर्दीच्या हंगामात लुकलाची उड्डाणे काठमांडूऐवजी चार-पाच तासांच्या मोटारप्रवासावरील रामेछापहून होतात, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. विमान रद्द झाले म्हणून विमानतळावरील कारकुनाशी हुज्जत घालणारे आपले लोक पाहिले की मला फार वाईट वाटते. २९ मे २०२२ रोजी पोखऱ्याहून जोमसोमला निघालेले एक लहान विमान खराब हवेत डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व २२ जण दगावले. त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही प्रवासी होते. या दऱ्यांत वैमानिकाने ‘आज नाही’ म्हटले, तर त्याचा शब्द अखेरचा मानावा, आणि तो मानणे आपल्याला परवडावे म्हणूनच हाती एक दिवस शिल्लक असावा.

तिसरे कारण रस्त्यांत आहे. काठमांडू ते पोखरा हे अंतर दोनशे किलोमीटर आहे, आणि ते चार तासांत काटता येईल असा हिशेब पुण्या-मुंबईच्या द्रुतगती मार्गाची सवय झालेला मनुष्य मनाशी करतो. प्रत्यक्षात सात-आठ तास सहज लागतात, आणि दरड कोसळली तर किती लागतील याला मर्यादा नाही. जून ते सप्टेंबर या काळात हे डोंगर पाण्याने भिजून सैल झालेले असतात. पोखऱ्याजवळच्या लुमले येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि हिमालयाच्या पाठीमागे दडलेल्या जोमसोमला तीनशे मिलिमीटरही पडत नाही. महाबळेश्वर आणि माणदेश यांच्यामध्ये सह्याद्रीने जो भेद केला आहे तोच येथे अन्नपूर्णेने अधिक कठोरपणे केला आहे. त्यामुळे श्रावणात मुक्तिनाथाला कोरडे आकाश असते, हे ऐकून निघणाऱ्याने तेथवर पोहोचावयाची वाट मात्र ऐन पावसातून जाते, हे विसरू नये. २३ ऑगस्ट २०२४ रोजी जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरूंना पोखऱ्याहून काठमांडूकडे नेणारी बस तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली आणि २७ जणांचा अंत झाला. त्या घरांचे दुःख शब्दांत मांडता येणार नाही. एवढेच म्हणतो, की पावसाळ्यात या रस्त्यांवर जाणे टाळता येत असेल तर टाळावे, आणि कोणत्याही ऋतूत रात्रीचा प्रवास करू नये, चालकाला वेळ गाठण्याची घाई लावू नये, सकाळी लवकर निघून उजेडी मुक्कामाला पोहोचावे.

ऋतूंमध्ये उत्तम काळ आश्विन-कार्तिकाचा. पावसाने धुतलेली हवा स्वच्छ असते आणि शिखरे दिवसचे दिवस उघडी राहतात. चैत्र-वैशाखात लालीगुराँसची, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची, फुले डोंगर रंगवून टाकतात, पण सखल भागातील वणव्यांच्या धुरामुळे दूरचे दिसेनासे होते. दशैं म्हणजे आपला दसरा आणि तिहार म्हणजे दिवाळी, हे तेथील सर्वांत मोठे सण. त्या दिवसांत सारा देश आपापल्या गावी निघालेला असतो, कचेऱ्या बंद राहतात, बसमध्ये जागा मिळत नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्या मराठी कुटुंबाने आरक्षण फार आधी करणे भाग पडते. स्वच्छ आश्विनाचाही पूर्ण भरवसा धरू नये. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या हुदहुद या चक्रीवादळाचे अवशेष दोनच दिवसांनी अन्नपूर्णेवर पोहोचले आणि ५,४१६ मीटरांवरील थोरोंग खिंडीच्या परिसरात हिमवादळ होऊन चाळीसहून अधिक माणसे मेली. बंगालच्या उपसागरात वादळ उठल्याची बातमी कानावर आली, तर उंच खिंडीच्या अलीकडे दोन दिवस थांबावे.

हे राखीव दिवस कार्यक्रमात कोठे ठेवावेत, यालाही महत्त्व आहे. सगळे शेवटी ठेवले तर वाटेत थांबावयाची वेळ आली असता मन धजत नाही. सगळे आरंभी खर्चले तर परतीचे विमान चुकते. एक दिवस उंचीवर जाण्याच्या आधीच्या टप्प्यात आणि एक काठमांडूहून परतण्याच्या आधी ठेवावा, आणि डोंगरातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी मायदेशाच्या विमानाचे तिकीट कधीही काढू नये. प्रवासी कंपनीशी ठराव करताना हा खर्च कोणाच्या माथी, अडकून पडल्यास खोलीचे आणि जेवणाचे पैसे कोण देणार, विमानाऐवजी जीप करावी लागली तर तिचे भाडे कोणाकडे, हे लेखी मागून घ्यावे. दिवस वाढवावयास पैसा नसेल तर स्थळे कमी करावीत. चितवनचे गेंडे पुढल्या वेळी पाहता येतील.

कागदपत्रांचे प्रकरण तुलनेने सोपे आहे. विमानाने जाणाऱ्या प्रौढ भारतीयाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, यांपैकी एक अस्सल दस्तऐवज पाहिजे. १५ ते ६५ वयाच्या प्रवाशाचे आधार कार्ड या कामी चालत नाही, आणि विमानतळावरून परत फिरण्याचे प्रसंग बहुधा याच गैरसमजातून येतात. त्या वयाच्या अलीकडच्या-पलीकडच्यांना छायाचित्र असलेले दुसरे सरकारी ओळखपत्र पुरते. सोनौलीच्या नाक्यावरून स्वतःच्या मोटारीने पुढे जाणाऱ्याने तेथील जकात-कचेरीत मुक्कामाच्या दिवसांप्रमाणे शुल्क भरून परवाना घ्यावा. अन्नपूर्णा संरक्षण-क्षेत्राचा प्रवेश-परवाना मुक्तिनाथाच्या वाटेवरही लागतो. सार्क देशांच्या नागरिकांना त्यात सवलत आहे, मात्र नागरिकत्वाचा पुरावा जवळ हवा. कागबेनीच्या उत्तरेस वरच्या मुस्तांगात जावयाचे तर निराळा व महागडा परवाना लागतो. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रिकांना परवानाधारक वाटाड्या बरोबर घेण्याचा नियम नेपाळ सरकारच्या पर्यटन मंडळाने केला आहे. त्याचा जाच मानू नये. सरकारी कागदांवर विक्रम संवताचे वर्ष असते, घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटे असते आणि शनिवारी कचेऱ्या बंद असतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

पैशांच्या बाबतीत शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून कायम आहे. भारताच्या मोठ्या नोटांविषयीचे नियम मात्र वेळोवेळी बदलत आले आहेत, यास्तव शंभरच्या नोटांची रोकड जवळ असावी आणि निघण्यापूर्वी चालू नियम बँकेत विचारावा. काठमांडू-पोखऱ्यात पैसे मिळविण्याची यंत्रे पुष्कळ आहेत. वर वीज आणि संदेशवहन दोन्ही लहरी असतात, म्हणून लागेल त्याहून थोडी अधिक नेपाळी रोकड पोखऱ्यातच काढून घ्यावी.

देहाची तयारी निदान दोन-तीन महिने आधी सुरू व्हावी. पुण्याच्या माणसाला सिंहगड आणि मुंबईच्या माणसाला घाटाखालचे किल्ले ही देवाने दिलेली व्यायामशाळा आहे. पाठीवर पाच-सहा किलोंचे ओझे घेऊन आठवड्यातून एकदा असा गड चढावा, आणि त्याहून अधिक लक्ष उतरण्याकडे द्यावे, कारण हिमालयात गुडघे दुखावतात ते उतारावर. हातात काठी घ्यावयास संकोच करू नये. मात्र सह्याद्रीने पाय आणि दम तयार होतात, उंचीची सवय होत नाही, हा भेद मनात स्पष्ट असावा. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, आणि काठमांडू शहरच १,४०० मीटरांवर वसलेले आहे. साठीपलीकडच्यांनी, आणि हृदयविकार, दमा किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्या कोणीही, निघण्यापूर्वी डॉक्टरांना ‘नेपाळला जातो’ एवढेच न सांगता किती मीटरांवर, किती दिवसांत आणि कोठे निजावयाचे आहे, हे सांगून तपासणी करून घ्यावी.

सामानाविषयी थोडक्यात सांगतो. दर हजार मीटरांना उष्णमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे एका जाड कोटापेक्षा एकावर एक चढविता-उतरविता येणारे तीन पातळ कपडे उपयोगी. आत सुती बनियन नको, कारण घामाने भिजलेले सूत थंडीत वाळत नाही. बूट नवे कोरे घेऊन जाऊ नये. महिनाभर पायांत घालून ते मऊ करावेत. उन्हाचा दाह उंचीबरोबर वाढतो आणि बर्फावरून परावर्तित होऊन डोळ्यांना इजा करतो, म्हणून चांगला काळा चष्मा हा शृंगार समजू नये. रोजची औषधे दुप्पट घेऊन निम्मी हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्शुलिन गोठले की निकामी होते. रात्री ते पांघरुणात घेऊन निजावे.

विम्याचे पत्र मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. पुष्कळ विमे ठराविक उंचीपलीकडचा अपघात किंवा आजार मान्य करीत नाहीत, आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च लाखांत जातो. विमा कंपनीचा चोवीस तासांचा दूरध्वनी-क्रमांक कागदावर लिहून वाटाड्याजवळही द्यावा, कारण तिला आधी कळविल्यावाचून झालेला खर्च नामंजूर होऊ शकतो. या सेवेत गैरप्रकारही झाले आहेत. किरकोळ दुखण्यावर प्रवाशाला हेलिकॉप्टरमध्ये घालून विम्याची रक्कम लाटणाऱ्यांची नेपाळ सरकारने २०१८ साली चौकशी केली होती. म्हणून खरी लक्षणे कोणती, हे स्वतःला माहीत असणे हाच या बाबतीत आधार.

आणि ज्यांच्या पाठीवर आपले सामान जाते, त्यांच्याविषयी तर आपण फारच बेफिकीर असतो. भारवाहकाच्या पाठीवर ३० किलोंहून अधिक ओझे देऊ नये, असा तेथे मानलेला दंडक आहे. त्याला पुरेसे कपडे आहेत काय, त्याचा विमा उतरविला आहे काय, तो आजारी पडला तर त्याला एकट्याला खाली पाठवीत नाहीत ना, हे विचारणे प्रवाशाचे कर्तव्य आहे. कित्येक भारवाहक सखल खेड्यांतून आलेले असतात आणि विरळ हवेचा त्रास त्यांनाही आपल्याइतकाच होतो. रोजगार बुडेल या भयाने ते बोलत नाहीत एवढेच. जेवणाची चिंता आपल्या लोकांना उगीच असते. दाल-भात-तरकारी सर्वत्र मिळते, वाढप्या पुन्हा पुन्हा वाढतो, आणि ज्या ठिकाणी सारे सामान खेचरांच्या पाठीवरून येते तेथे पोळी-भाजीचा हट्ट धरण्यापेक्षा घरून मेतकूट आणि लोणचे न्यावे.

हवा चांगली लागली, रस्ते मोकळे मिळाले, आणि राखलेले दिवस शिल्लक राहिले, तर ते कोठे घालवावेत हेही आधी ठरवून ठेवावे. पोखऱ्यात जगभरच्या पर्वतांचा आणि गिर्यारोहणाचा इतिहास मांडणारे मोठे संग्रहालय आहे. भक्तपूरमध्ये २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात पडलेली देवळे कारागिरांनी जुन्याच पद्धतीने, कोरीव लाकूड आणि विटा यांत, पुन्हा उभी केली आहेत. पाटणच्या दरबार चौकात राजा सिद्धिनरसिंह मल्लाने १६३७ साली बांधलेले दगडी कृष्णमंदिर आहे. त्याच्या खालच्या मजल्यावर महाभारतातील आणि वरच्या मजल्यावर रामायणातील प्रसंग कोरलेले आहेत, आणि ते क्रमाने ओळखीत जावयाचे तर संपूर्ण सकाळ मोकळी ठेवावी लागते.